चमचा परत पातेल्यात

आमचा दादा आजारी पडत नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे. परवा उलट्या-जुलाबांनी त्याला पार आडवा केला, तरी बाथरूमच्या दारातून "मला काही झालेलं नाही" चालूच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाचा व्हायरस आहे, माणूस धडधाकट आहे, पाणी पीत राहा, आपोआप बरा होईल. पण बरं वाटल्यावरही विषाणू पोटातून बाहेर पडत राहतो, तेव्हा पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. दादाने यातलं फक्त "धडधाकट" तेवढं ऐकलं.

आम्ही दोघं जेवण पुरवायचं काम करतो. दुपारचं सगळं जेवण एका वृद्धाश्रमात जातं. आमची आईही तिथेच असते. त्या वयात हे दुखणं झेपेलच असं नाही, हे मी त्याला सकाळीच बजावलं होतं.

तरी मी गाजरं चिरून वळते, तर हा सुपाच्या पातेल्यापाशी. त्याने चव घेतल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही. चमचा तोंडात आणि तोच चमचा परत पातेल्यात.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"दादा, सकाळी काय सांगितलं होतं तुला?"

"अगं, हाताला सॅनिटायझर लावलंय."

"या विषाणूला साबणच लागतो. आणि तोंडाला काय लावलंयस?"

"कालपासून ठणठणीत आहे मी. उगाच बाऊ करू नकोस."

माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला, पातेलं ओढत नेलं आणि सगळं सूप मोरीत ओतलं. आश्रमात फोन करून सांगितलं, आज जेवण येणार नाही, चूक आमची. फोन ठेवताच दादाने विचारलं, "आईचं काही बोलले का ते?" त्याचं विचारणं मला बरं वाटेना.

"काल कुठे गेला होतास?"

तो स्टुलावर बसला. "आईकडे. स्वतःच्या हाताने खात नव्हती. सफरचंद भरवलं."

मी पुन्हा फोन लावला. तिथल्या नर्सताई म्हणाल्या, "मघाशी तुमचा फोन दुसऱ्या कोणी उचलला वाटतं. मी तुम्हालाच करणार होते. आईंना सकाळपासून उलट्या होताहेत."

दादाला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. तो उठून चपला घालायला लागला.

"तू नाही," मी म्हणाले, आणि दारात उभी राहिले. "मी जाते. तू तिच्याजवळ जायचं नाहीस."