नेहमीचं ऑइल

"नेहमीचं म्हणजे कोणतं, काका?" दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो, नेहमीचं म्हणजे नेहमीचं! आमच्या गाडीला दर वेळी नेतो ते."

"दर वेळी तुम्हीच येता का न्यायला?"

एकवीस वर्षांत मी इंजिन ऑइलच्या दुकानाची पायरी एकदाही चढलो नव्हतो. आम्ही दोघे भाऊ, धंदा काचा बसवण्याचा. घरांच्या खिडक्या, दुकानांचे दर्शनी भाग, कपाटांची दारं, पडेल ते काम. माप घेणं, काच कापणं, गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे आणि गाडीची देखभाल धाकट्याकडे. ऑइल तोच आणायचा, तोच बदलायचा आणि गाडीच्या वहीत नोंदही तोच करायचा. आठ महिन्यांपूर्वी आमचं बिनसलं आणि तो निघून गेला. गाडी माझ्याकडे राहिली, वही राहिली. कोणतं ऑइल घालायचं ते मात्र तो डोक्यातच घेऊन गेला.

वही मी सोबत आणली होती. ती काउंटरवर उघडून दाखवली. धाकट्याचं अक्षर सुरेख, त्यात वाद नाही. तारीख, किलोमीटर, फिल्टर बदलला की नाही, सगळं रेघा मारून लिहिलेलं. आणि ऑइलच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द : नेहमीचं. पहिल्या पानावरसुद्धा! पहिल्याच वेळी नेहमीचं कसं काय असेल? पण हे विचारायला समोर तो असायला हवा.

दुकानदाराने चार पानं उलटली आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "ह्या नावाची कंपनी नाही आमच्याकडे."

माझ्या मागे उभा असलेला माणूस फिस्सकन हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हीच सांगा मग. जुनी डिझेलची व्हॅन आहे. काचा वाहते."

त्याने मागच्या फळीवरून एक चकचकीत डबा काढला. "पाच-तीस. फुल सिंथेटिक. सगळ्या नव्या गाड्यांना हेच जातं."

"आमची गाडी नवी नाही."

"म्हणून तर चांगलं घाला. म्हाताऱ्या माणसाला आपण चांगलंचुंगलं देतोच ना?" हे बोलताना तो माझ्याकडेच बघत होता. मी एकसष्ट वर्षांचा आहे. वाद न घालता डबा उचलला आणि बाहेर पडलो.

शेडमध्ये मी एकट्याने ऑइल बदललं. जुनं निम्मं तसराळ्यात आणि निम्मं माझ्या बाहीत. बायको दारात उभी राहून बघत होती.

"एक फोन केला असता तर हा घोळ झाला नसता," ती म्हणाली.

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? जसे काही दहा भाऊ आहेत तुम्हाला!"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. फोन त्याने करायचा. मी मोठा. हाताला धरून त्याला काम मी शिकवलं. आणि आमचं बिनसलं त्या दिवशी काच फुटली ती त्याच्यामुळे, हे मी चार लोकांत बोललो होतो. आता कोणत्या तोंडाने विचारणार की बाबा रे, गाडीत काय ओतू?

चौथ्या दिवशी गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग दिसला. आठव्या दिवशी बशीएवढा. मग एका चौकात गाडी थांबलेली असताना समोरचा ऑइलचा लाल दिवा डोळे मिचकावायला लागला. जरा रेस दिली की विझायचा, पाय काढला की पुन्हा सुरू. त्या दिव्याने माझी झोप उडवली. सोमवारपासून शाळेचं काम होतं, बेचाळीस खिडक्या. इंजिन बसलं असतं तर त्याच्याबरोबर धंदाही बसला असता. या वयात नवी गाडी घेऊन नव्याने सुरुवात करणं मला जमणार नव्हतं. हे मी कोणाला बोललो नाही, पण गाडीत बसलो की रस्त्याआधी नजर त्या दिव्याकडे जायची.

गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने वाकून खाली बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढं पातळ कोणी घातलं?"

"घातलं एकाने."

"काढा ते. जुने सील आहेत, त्यातून पाण्यासारखं जाणार. वीस-पन्नास घाला. जाडजूड. गळणं कमी होईल, आवाजही दबेल."

"आवाज दबून काय उपयोग? दुखणं दबतंय का?"

"काका, दुखणं कोणाचं थांबलंय?" असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली सरकला.

हे बायकोच्या भावाच्या कानावर गेलं. या गृहस्थाने आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही. तो लगेच आला, हातात एक छोटी बाटली. "भाऊजी, ऑइल कोणतंही असू द्या. त्यात ही एक बाटली ओता, इंजिन परत तरुण होतं."

"तूच पी," मी म्हणालो. तो चहा न घेता गेला. त्यावरून घरात दोन दिवस शांतता होती.

शेवटी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक शोधून काढलं. निदान ते तरी एक काहीतरी सांगेल अशी आशा होती. तर ऑइलच्या पानावर एक तक्ता! बाहेर इतकी थंडी असेल तर हे, इतकं ऊन असेल तर ते, एकूण पाच प्रकार, आणि पाचही योग्य. पुस्तक लिहिणाऱ्यालाही ठरवता आलं नव्हतं तर मला कुठून कळणार?

"तुझं रोज दुपारी जावेशी बोलणं चालतं ना?" मी बायकोला म्हणालो. "तिला म्हणावं, नवऱ्याला सहज विचारून ठेव."

आम्ही भाऊ बोलत नव्हतो, पण या दोघींचं एक दिवसही खंडलं नव्हतं. तोवर ते मला माहीत नाही असं समजून ती बोलायची आणि मीही माहीत नसल्यासारखा वावरायचो.

"मी का विचारू?" ती म्हणाली. "भाऊ तुमचा, गाडी तुमची, डोक्याला तापही तुमचा. आणि तिनेही मला सांगून ठेवलंय, मध्ये पडायचं नाही म्हणून."

म्हणजे तिकडेही हाच विषय चालू होता. मी हात टेकले.

शनिवारी दुपारी शाळेत शेवटची मापं घेऊन परत येत होतो. अर्ध्या वाटेत तो लाल दिवा लागला आणि या वेळी विझला नाही. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. शेजारची सीट रिकामी. तिच्यावर धाकट्याच्या बसण्याने पडलेला खळगा अजून तसाच आहे.

आता खरं काय ते सांगून टाकतो.

मोठी काच दोघांनी धरायची असते. तेव्हा बोलणं एकाच शब्दाचं. सोडणारा विचारतो, "आहे?" धरणारा म्हणतो, "आहे." मग सोडायचं. तोंडापुढे काच असते, पलीकडच्याचा चेहरा नीट दिसत नाही. जो काही भरवसा असतो तो त्या एका शब्दावर. एकवीस वर्षांत आम्ही हजारो वेळा तो शब्द बोललो असू. त्या दिवशी एका कपड्याच्या दुकानात माणसापेक्षा उंच काच बसवत होतो. मी विचारलं, "आहे?" उत्तर आलं, "आहे." मी सोडली. काच खाली आली आणि तिचा चुरा झाला. नशीब, लागलं कोणाला नाही.

"आहे म्हणालास ना?" मी ओरडलो.

"मी काही बोललोच नाही, दादा."

"मग काय मी बहिरा? तुझ्या हाताचा भरवसाच राहिला नाही!"

दुकानाचा मालक, त्याची माणसं, दोन गिऱ्हाइकं, सगळे ऐकत होते. काचेचं काम करणाऱ्याला याहून वाईट शब्द नाही. धाकट्याने हातमोजे काढले, नीट घडी करून गाडीत ठेवले आणि चालत निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो खिडक्यांच्या कारखान्यात नोकरीला लागल्याचं कळलं.

तो गेल्यावर मी काचा झाडत बसलो होतो. मालकाचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला आणि म्हणाला, "आहे, आहे! दोन्ही रंगांत आहे." तोच आवाज होता. माझा झाडू क्षणभर थांबला. मग मी पुन्हा झाडायला लागलो. आठ महिने झाडतोच आहे म्हणा ना.

मी फोन काढला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

"बोल, दादा."

मी उलट आवाज चढवला. "गाडीत ऑइल कोणतं घालायचास?"

"तू काय घातलंस?"

"पाच-तीस."

"कोणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"आणि तू ऐकलंस," तो म्हणाला. हा खास माझा सूर. एकवीस वर्षं मी त्याच्याशी याच सुरात बोललो होतो. स्वतःवर आल्यावर तो कसा लागतो ते पहिल्यांदा कळलं.

"दिवा लागून राहिलाय," मी म्हणालो.

"इंजिन बंद आहे ना? ऑइल मोजायची पट्टी काढ, पूस, परत घाल आणि बघ."

बघितलं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. मागे उरलेला डबा आहे का, त्याने विचारलं. होता. तो ओतायला लावला. मग म्हणाला, "आता चालू कर आणि फोन बॉनेटपाशी धर."

मी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून फोनला इंजिन ऐकवत उभा राहिलो. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत. अर्ध्या मिनिटाने फोन परत कानाला लावला. दिवा विझला होता.

"वरून टकटक येतेय, ती पातळ ऑइलची. अजून काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "आजच काढून टाक. पंधरा-चाळीस घाल. साधं, डिझेलचं. डब्याच्या मागे डिझेल लिहिलंय का ते वाचून घे. फिल्टरही बदल."

"गॅरेजवाला वीस-पन्नास म्हणतोय."

"तो सगळ्यांना तेच सांगतो. थंडीत सकाळी ते वर चढायला वेळ लागतो, तोवर इंजिन कोरडं फिरतं. आणि वरच्या खुणेपर्यंत भरू नकोस. जरासं खाली ठेव, म्हणजे ऑइल बाहेर उडत नाही."

एवढं सगळं त्याला माहीत होतं. आणि वहीत काय, तर नेहमीचं! माझा पुन्हा भडका उडाला. "मग हे लिहिलं का नाहीस? एकवीस वर्षं आपलं नेहमीचं, नेहमीचं! चार आकडे लिहायला हात दुखत होते का?"

"मीच घालणार होतो ना," तो म्हणाला. "कोणासाठी लिहायचं?"

शेजारून एक ट्रक गेला, मग दुसरा. फोनवर काहीच ऐकू येत नसावं, कारण लाइन आहे की गेली ते बघायला त्याने विचारलं, "आहे?"

"आहे," मी म्हणालो.

दोघांनाही तो शब्द ओळखीचा होता.

"त्या दिवशी तू बोलला नव्हतास," मी म्हणालो. "तो मालक फोनवर बोलत होता. मला तिथेच कळलं होतं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चुकलो मी."



"इंजिन उगीच चालू ठेवू नकोस, दादा," तो म्हणाला. "सावकाश घरी ने."

"सोमवारी शाळेचं काम आहे. वरच्या काचा मोठ्या आहेत."

"सोमवारी मला सुट्टी नसते." मग थोड्या वेळाने, "मोठ्या काचेला दुसरा माणूस घे. पण बघून घे, चांगला."

"बरं," मी म्हणालो. त्याने फोन ठेवला.

संध्याकाळच्या आत ऑइल बदललं. पंधरा-चाळीस, डिझेलचं, मागे वाचून घेतलेलं, वरच्या खुणेच्या जरा खाली. गाडी चालू केली. टकटक गेली होती. दिवा लागला आणि विझला, जसा विझायला हवा तसा. बायकोने दारातून बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. तिला सगळं आधीच कळलं होतं, जावेचा फोन येऊन गेला होता.

हात धुऊन मी वही घेतली. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले, फिल्टर बदलला असं लिहिलं. ऑइलच्या रकान्यात आकडा लिहायला पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. मग लिहिलं : नेहमीचं.

बायको मागे येऊन वाचत होती. "अहो, आकडा लिहा की. पुढच्या वेळी परत विसराल."

"विसरलो तर विचारीन," मी म्हणालो, आणि वही त्याच्या हातमोज्यांवर ठेवून गाडीचा कप्पा बंद केला.