इंग्रजीतून ठिय्या

वाघोलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात दीपमाला मॅडम इंग्रजी शिकवत. आयटीत नोकरी हवी तर मुलांना फाडफाड बोलता आलं पाहिजे, म्हणून त्यांनी झाडं वाचवायला रस्त्यावर बसणाऱ्या एका मुलीची कादंबरी वर्गात वाचायला घेतली. मुलांना ती भलतीच आवडली.

सोमवारी अफशीन आणि वर्गातल्या सगळ्या मुली प्राचार्यांच्या दारात ठिय्या देऊन बसल्या. मुलींच्या स्वच्छतागृहात महिनाभर पाणी नव्हतं. घोषणा अस्खलित इंग्रजीत चालल्या होत्या.

प्राचार्यांनी मॅडमना आत बोलावलं. "अहो, हे आपण शिकवलंत?"

"ती कादंबरी मी फक्त शब्दसंग्रहासाठी शिकवत होते, सर," मॅडम म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या तशी अफशीनने सरकून जागा केली. "मॅडम, बसताय ना?"

मॅडमनी तिच्या हातातल्या 'वुई वॉन्ट अ वॉटर' लिहिलेल्या फलकाकडे पाहिलं. "वॉटरच्या आधी 'अ' लागत नाही," एवढं सांगून त्या स्टाफरूमकडे वळल्या.

मुली हलल्या नाहीत. दुपारी प्लंबर आला, नळाला पाणी आलं.

पुढच्या वर्षी मॅडमनी कादंबरी काढून टाकली आणि वरिष्ठांना नम्र ईमेल कसा लिहावा, हे शिकवायला घेतलं. त्याचा मुलांवर काहीच परिणाम झाला नाही. प्राचार्य फार खूश होते.