दगड नसलेल्या देशासाठी धडा पहिला

'दाराबाहेर जा आणि हाताला लागेल तो पहिला दगड घेऊन या.' बाबांच्या पुस्तकाचं हे पहिलं वाक्य. बाबा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात आणि शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी लिहिलेलं हे एकुलतं एक पुस्तक. आई म्हणते, त्या वाक्यावर त्यांचा तुझ्यापेक्षा जास्त जीव आहे. मी मनाला लावून घेत नाही. वाक्य खरंच चांगलं आहे.

यंदा दुसऱ्या एका देशातल्या शाळांनी ते पुस्तक मागितलं. तिकडच्या मुलांना आपलं वाटेल असं करून द्या, म्हणाले. पहिला धडा एका वर्गात शिकवून बघू आणि जमला तर पुस्तक घेऊ. बाबांचे पाय जमिनीला लागेनात. बाहेरच्या कुणी त्यांना विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. आपले डोंगर काढून त्यांनी तिकडचे घातले, नद्या बदलल्या, फोटो बदलले. पहिलं वाक्य तेवढं तसंच राहू दिलं. दगड काय, सगळीकडे असतातच.

नसतात. तो देश जवळजवळ सगळाच नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आहे. डोंगर आहेत ते पार सीमेवर. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, सातव्या धड्यात त्यांनीच ते लिहिलंय. पण ठाऊक असणं वेगळं आणि लिहिताना आठवणं वेगळं.

तिकडच्या बाईंनी धडा शिकवला आणि आम्हाला व्हिडिओ कॉल केला. फार सभ्य बाई. मुलांनी आणलेले 'दगड' त्या एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरत होत्या, आणि ते सगळे विटांचे तुकडे होते. तिथे रस्त्यातसुद्धा खडीऐवजी विटा फोडून घालतात, मग दाराबाहेर दुसरं काय मिळणार? मुलांनी वर्णनं मात्र मन लावून केली होती. तांबडा, खरखरीत, एका अंगाने करपलेला. एकाने लिहिलं होतं, 'याला भोकं आहेत, म्हणजे ज्वालामुखीतून आला असणार.' मला हसू आवरेना, तर बाबांनी टेबलाखालून पाय मारला. शेवटी बाई म्हणाल्या, धडा बदलून पाठवा, आणखी एकदा शिकवून बघते. त्यानंतर मात्र पुस्तकं निवडणारी आमची समिती दुसरं पुस्तक शोधेल.

बाबा दोन दिवस नकाशांत डोकं खुपसून बसले. मग त्यांनी तोडगा काढला, की प्रत्येक पुस्तकाबरोबर दगडांची पेटी पाठवायची. आईने विचारलं, पोरांनी शिकायचं की हमाली करायची? मग म्हणाले, दगडांचे फोटो छापू. फोटोतला दगड हातात घेता येत नाही, हे वर्गात तेच सांगतात, म्हणून तेही बारगळलं.

मी म्हटलं, मुलांना वीटच आणू द्या की.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पृथ्वी सपाट आहे म्हणाले. वीट माणसाने भट्टीत भाजलेली असते, ती दगड नव्हे, आणि भूगर्भशास्त्राचं पुस्तक विटेने सुरू केलं तर कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं बरंच काही बोलले. "अहो, दगडापेक्षा वीट मऊ," आई म्हणाली, आणि एकटीच हसली.

पूर्वीची मी असते तर गप्प खोलीत गेले असते. पण या वर्षी मी वर्गात हात वर करायला लागले आहे, आणि आमचे सर म्हणतात की तो आता खाली येत नाही. मी खुर्ची ओढून समोरच बसले.

"बाबा, दगड आणल्यावर तुम्ही मुलांना काय विचारता?"

"तो आधी काय होता, आणि असा कशाने झाला."

"मग वीट आधी काय होती?"

"चिखल. सोपं आहे."

"आणि चिखल?"

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दगड," ते सावकाश म्हणाले. "वरच्या डोंगरातला."

मग काय विचारता. कोपऱ्यावरच्या बांधकामावरून आम्ही एक वीट मागून आणली, बाल्कनीत हातोडीने फोडली आणि भिंगातून पाहिली. आत गारगोटीचे कण लुकलुकत होते. तांबडी धूळ वाळत घातलेल्या चादरींवर बसली, त्यावरून झालेली बोलणी इथे लिहीत नाही. बाबांनी धडा नव्याने लिहिला. वीट हा दगड नव्हे, हे स्पष्ट सांगून. त्यावर त्यांनी तडजोड केली नाही. जुनं पहिलं वाक्य खोडायला मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाले. स्वतः खोडलं आणि चहा टाकायला गेले.

बाईंचा पुढचा कॉल वर्गातूनच आला. मुलांनी विटा कुटून पाण्यात खळबळल्या होत्या आणि तळाशी राहिलेले कण कागदावर घेऊन ती एकमेकांना ढकलत कॅमेऱ्यात घुसत होती. एका मुलीने विचारलं, आमची शाळा कुठल्या डोंगराची आहे? बाबा म्हणाले, मला माहीत नाही, नद्या पुष्कळ आहेत. आणि त्यांनी नकाशा पुढे ओढला. तिकडेही कुणीतरी नकाशा आणला. पूर्वेची नदी की उत्तरेची, यावर बाबा आणि ती मुलगी हुज्जत घालायला लागले. मुलगी हटेना. बाबाही.

बाईंनी फोन जरा बाजूला घेतला आणि मला हळूच सांगितलं, समितीच्या दोघी मागच्या बाकावरच बसल्या आहेत, पुस्तक घेतलं म्हणून समज. बाकीचे धडे कधी मिळतील?

बाबांचं लक्ष नव्हतं. मीच सांगून टाकलं, सुट्टी लागायच्या आत.