रुक्माची माती

"लाकडं उतरवू नको," जीवनलाल म्हणाला.

ट्रॅक्टर दारात घरघरत होता. ट्रॅक्टरवाल्या मुन्नालालने ट्रॉलीची फळी अर्धी उघडली होती. तो तसाच थांबला.

"बाप्पा! मोठे भाऊ म्हणतेत उतरव, तुम्ही म्हणता नको. मी का लाकडाची गावभर वरात काढू?"

"परत ने."

अंगणात बसलेल्या माणसांच्या माना वळल्या. जीवनलाल इतक्या मोठ्याने बोललेला कोणाला आठवत नव्हता. दोघा भावांच्या धानाच्या बांध्या चोरखमाऱ्याच्या तलावाच्या एकाच पाटावर होत्या. पाणी सुटलं की आधी थोरल्या दुर्गाप्रसादच्या बांध्या भिजायच्या, मग उरलंसुरलं याच्या धानाला. त्यावरूनही तो कधी बोलला नव्हता. दुर्गाप्रसादने सांगायचं आणि जीवनलालने मान हलवायची, घर असंच चालत आलं होतं.

जीवनलालची बायको रुक्मा पडवीत होती, पांढऱ्या चादरीखाली. पहाटे गेली. तिच्या गळ्यात तुळशीची कंठी होती. शेकडो वर्षांमागे काशीकडे कापड विणणारा एक संत होऊन गेला, त्याच्या पंथाची. दर पुनवेला ती ढिवरटोलीत पुष्पाबाईकडे सत्संगाला जायची. तिथे पोवारीण, ढिवरीण, गोंडीण अशा जातीजातींच्या बाया एकाच सतरंजीवर बसत. घरच्यांना ते आवडत नसे. जीवनलालने काही कंठी घेतली नाही, कारण त्याला मासोळी सुटत नव्हती. तो अंगणात तीन दगड मांडून आपली आपण रांधायचा, आणि रुक्मा दूर बसून, नाकाला पदर लावून, "मीठ टाकलं का?" म्हणून विचारायची.

त्या पंथाची माणसं मेलेल्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. दुखणं वाढल्यावर तिने नवऱ्याचा हात धरला होता. "मले जाळू नका जी. आपल्या खालच्या बांधीत ठेवा." तो हो म्हणाला होता.

दुर्गाप्रसाद खाटेवरून उठला. "काय गा जीवन, डोकं फिरलं का? पोवाराची बाई हाय ते. बापानं कमावलेल्या बांधीचा मरघट करशीन?"

"तिची इच्छा होती, दादा."

"बिमार माणूस काहीही बोलते."

ओमेश्वर, जीवनलालचा मुलगा, बापाजवळ आला. पोरगा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला होता, सकाळच्या गाडीने आलेला. रडून त्याचे डोळे सुजले होते. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, माघात लगन हाय माहं. पाहुण्यांनी आयकलं तं? मोठ्या बाबांनी कितीक फिरून हे सोयरीक जुळवली."

"म्हणून तिले जाळू?"

"सारेच जाळतेत, बाबूजी."

जीवनलालला नीट मांडून बोलता येत नसे. रुक्माने सांगितलेली एक गोष्ट तेवढी त्याला आठवली.

"तो संत गेला तवाही असंच भांडण झालं म्हणे. हिंदू म्हणत जाळू, मुसलमान म्हणत पुरू. चादर उचलली, तं खाली नुसती फुलं."

"मंग उचल ना चादर!" दुर्गाप्रसाद ओरडला. "पाहू दे साऱ्यांले. हायेत का फुलं?"

ओमेश्वरने मान खाली घातली.

जीवनलाल पडवीत गेला. वाऱ्याने चादर सरकून रुक्माची पावलं उघडी पडली होती. टाचा फुटलेल्या, जन्मभर चिखलात धानाची रोवणी करून भेगा काळ्या पडलेल्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने चादर ओढून पावलं झाकली.

"फुलं नाहीत, दादा. बाई हाय. अन् तिनं मले सांगितलं हाय."

"मंग भावकीतला एक माणूस खांदा देणार नाही. आयकलं?"

"आयकलं."

त्याने पडवीतून फावडं आणि लोखंडी सबल घेतली आणि तो शेताकडे निघाला. मागे ट्रॅक्टर वळल्याचा आवाज आला.

धान कापून झालं होतं. बांधीत लाखोळीचं पीक निळं फुललं होतं. धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला, त्याने जागा धरली आणि खोदायला लागला. खड्डा गुडघ्याइतका झाला तेव्हा सत्संगातला दुधराम सुतार आला, त्याच्या मागे ढिवरटोलीतले दोघेतिघे.

"साहेब बंदगी, भाऊ," दुधरामने पंथाच्या रीतीने नमस्कार केला. "सरका, द्या फावडं."

"अजून थोडं मले खोदू द्या," जीवनलाल म्हणाला.

दुपारी रुक्माला त्यांनीच आणलं. खांद्याला दुधराम होता, ढिवर होते, एक गोंड म्हातारा होता. बायाही बांधीपर्यंत आल्या. ओमेश्वर मागून आला, पण दूरच्या धुऱ्यावरच उभा राहिला.

"ये ना गा बापू," पुष्पाबाईने हाक मारली. "माय होय तुही."

तो जागचा हलला नाही. गेलाही नाही.

माती लोटायची वेळ आली तेव्हा जीवनलालने फावडं बाजूला ठेवलं. खाली बसून तो एकेक ढेकूळ हातात घेई, फोडून भुगा करी आणि मग खाली सोडी.

"असं तं रात होईल, भाऊ," पुष्पाबाई म्हणाली.

"होऊ दे."

मग तीही बसली आणि ढेकळं फोडू लागली. एकेक करून सगळेच बसले. माती सारखी झाली तेव्हा जीवनलालने धुऱ्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

तो घरी पोहोचला तेव्हा दिवस बुडत होता. दोघा भावांचं अंगण बापाच्या वेळेपासून एकच होतं. आता त्याच्या मधोमध बाभळीचे काटे टाकलेले होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ओमेश्वरच्या चपला काट्यांपलीकडे, दुर्गाप्रसादच्या ओसरीत होत्या.

काटे घाईने टाकलेले दिसत होते. एक फांदी निसटून वाटेत पडली होती. जीवनलालने वाकून ती फांदी उचलली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात जाऊ नये म्हणून कुंपणात नीट खोचून ठेवली.