सासूबाईंचं गाव

घड्याळजींना व्हिडिओ गेम खेळता येत नव्हते. हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, कारण त्यांच्या घरातली मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत गेम्सनीच भरलेली होती. काचेची कपाटं, कपाटांत जुन्या कॅसेट्सचे खोके, प्रत्येक खोका पारदर्शक पिशवीत, आणि पिशवीवर बोटाचा ठसा दिसला तर दिवसभर घरात चौकशी.

नवी कॅसेट हाती लागली की आधी तिचा वास घ्यायचा. मग स्पिरिटनं पुसायची, दुकानातल्या बारीक पेचकसानं उघडायची, आतल्या पट्ट्या लखलखीत करायच्या आणि शेवटी लावून बघायची. पडद्यावर गेमचं नाव आलं, सूर वाजला, की "चालते!" असं म्हणून बंद. नावाच्या पुढे काय आहे ते बघावं, असं त्यांना कधी वाटलंच नाही. वापरली की वस्तू झिजते, हे जन्मभर लोकांची घड्याळं उघडणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको.

"म्हणजे लग्न करायचं आणि बायकोला माहेरीच ठेवायचं, तसलाच प्रकार," बायको म्हणायची. यावर घड्याळजींच्या मनात एक उत्तर यायचं, पण ते मोठ्यानं देण्याइतके ते शूर नव्हते.

हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही. भंगाराच्या दुकानात, मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली त्यांना वर्षानुवर्षं शोधत असलेली ती बेटाची कॅसेट दिसली, तीही मूळ खोक्यासकट, तेव्हा त्यांनी ती अशी छातीशी धरली की भंगारवाल्यानं आधी खुर्ची दिली आणि मग भाव सांगितला. जहाज फुटून बेटावर आलेल्या लोकांचं गाव वसवायचं, असा काहीसा तो खेळ होता. त्याच्या कॅसेट्स निघाल्या थोड्याच आणि उरल्या त्याहून थोड्या. त्या दिवशी घड्याळजी जेवले नाहीत. खोका समोर ठेवून नुसते बघत बसले. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

मग सासूबाई आल्या. एका मोठ्या हॉस्पिटलात त्या मेट्रन होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की निम्मे पेशंट आपणहून बरे व्हायचे, अशी त्यांची ख्याती. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, एकटं राहणं शक्य नाही. त्यांची खाट बैठकीच्या खोलीत टाकली होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात.

"आईला स्वतःची खोली हवी," बायकोनं एका सकाळी निकाल दिला. "एक तर माझी आई, नाहीतर तुमची कपाटं."

घड्याळजींनी मागच्या खोलीकडे पाहिलं.

"विचार करताय? यात विचार करण्यासारखं काय आहे?"

विचार करण्यासारखं पुष्कळ होतं, पण सांगता कुणाला? घड्याळजींनी कपाटांवर पाणी सोडलं. शेजारच्या गावात त्यांच्यासारखाच एक गेमवेडा होता. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे सगळे त्याला ढापण्या म्हणत. तो रविवारी टेम्पो घेऊन येणार आणि सगळंच्या सगळं घेऊन जाणार, असं ठरलं.

जायचं तर नीट जायला हवं. ढापण्या खोट काढण्यात पटाईत, तेव्हा घड्याळजींनी बेटाच्या कॅसेटची बॅटरी बदलायला घेतली. जुन्या कॅसेट्समध्ये नाण्याएवढी एक बॅटरी असते. खेळणारा कुठवर पोहोचला, हे तिच्या जोरावर लक्षात राहतं. ती काढली की सगळं पुसलं जातं. ज्याला ते जपायचं असेल, तो आधी एका यंत्रात उतरवून घेतो. यंत्र घड्याळजींच्या खणातच होतं. पण या घरात खेळतंय कोण?

अलीकडे कंट्रोलरची वायर उलट्या बाजूनं गुंडाळलेली दिसायची. खुर्चीवर एक उशीही कुठूनशी आली होती. पण तो दोष त्यांनी बायकोच्या साफसफाईच्या खात्यावर टाकून दिला होता. त्यांनी जुना डाख वितळवला, नवी बॅटरी बसवली आणि कॅसेट लावली. नाव आलं, सूर वाजला. "चालते!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले, तर मागच्या खोलीतून आरोळी आली. "जावईबापू! माझं गाव कुठे गेलं?"

सासूबाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. काठी जमिनीवर, कंट्रोलर हातात.

"कुठलं गाव, आई?"

"कुठलं काय विचारता? बेटावरचं! विहीर खणली होती मी. दवाखाना बांधला होता, बायकांचा वॉर्ड वेगळा. साथ आली तेव्हा एक माणूस दगावू दिला नाही! आणि आज बघते तर नुसता समुद्र."

घड्याळजींनी उलट्या गुंडाळलेल्या वायरकडे आणि खुर्चीवरच्या उशीकडे पाहिलं. "तुम्ही... रोज दुपारी खेळत होता?"

"खेळत नव्हते. काम करत होते."

घड्याळजींनी बॅटरीचं सगळं सांगितलं. तिथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण माणूस प्रामाणिक पडला. आधी उतरवून घेतलं असतं तर गाव वाचलं असतं, हेही सांगून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"म्हणजे वाचवता आलं असतं?"

"हो. पण मला वाटलं, कुणी खेळतच नाही."

सासूबाई हळूच खुर्चीवर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अख्खं हॉस्पिटल चालवलं मी," त्या म्हणाल्या. "आता माझ्या गोळ्यासुद्धा तुम्ही दोघं मोजून देता. तिथे सगळे मला विचारून करायचे."

घड्याळजींना भरून आलं. घड्याळ असतं तर नवं चाक घालून परत दिलं असतं. गाव कुठून आणून देणार?

"पुन्हा सुरू करता येईल, आई."

"पहिल्यापासून? नको. आता नाही तेवढा दम."

त्यानंतर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. गुडघ्याचे व्यायाम बंद. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलल्या नाहीत, तेव्हा बायको खरी घाबरली. तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं काढून घेतलं. आधी ती हसली. मग तिचे डोळे भरले. "एवढ्या कॅसेट्स पडल्या होत्या, तुम्हाला नेमकी तीच सापडली?"

रविवारी ढापण्या हजर. खोके भराभर टेम्पोत चढायला लागले. बेटाच्या कॅसेटवर त्याचा हात पडला तसे घड्याळजी मध्ये आले. "ही नाही. ही आमच्या आईंची आहे."

"अहो, हिच्यासाठीच तर आलो! ही नाही तर बाकीचं मला काय करायचंय?"

"मग ठेव खाली."

ढापण्यानं पुष्कळ आदळआपट केली, चढवलेले खोके उतरवले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि आईची खोली?"

"मला कुणी विचारलं का?" भिंतीकडे तोंड करूनच सासूबाई म्हणाल्या. "औषधांच्या कपाटांमध्ये जन्म गेला माझा. मधली दोन कपाटं सरकवा, खाट मावते."

 इतके दिवस नवराबायकोनं रक्त आटवलं, पण ज्यांच्यासाठी आटवलं त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत खाट कपाटांच्या मध्ये आली. पण सासूबाईंनी टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या उठून पुन्हा बैठकीच्या खोलीत जाऊन बसल्या.

घड्याळजींनी कॅसेट पिशवीतून बाहेर काढली. मग त्यांनी ती लावली. नाव आलं, सूर वाजला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी पुढचं बटण दाबलं. जहाज फुटलं. माणसं किनाऱ्याला लागली. घड्याळजींचा माणूस दोनदा पाण्यात पडला, एकदा झाडावर आदळला. तेवढ्यात एक म्हातारा वाळूवर आडवा झाला.

"आई," त्यांनी हाक मारली, "एकाला ताप भरलाय. काय करू?"

त्यांनी आवाज चढवला.

"फार थरथरतोय हो. उन्हात नेऊन ठेवू का? की समुद्रात बुडवून काढू?"

बैठकीच्या खोलीत खुर्ची करकरली.

"म्हातारा डोळे पांढरे करतोय, आई. मी आपला बुडवतो."

"खबरदार!"

काठी टेकत सासूबाई आल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्या इतक्या भरभर चालल्या नव्हत्या. त्यांनी जावयाच्या हातातून कंट्रोलर ओढून घेतला आणि पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"सरका," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे माझ्या पेशंटला हात लावायच्या आधी मला विचारायचं."

"हो, आई," म्हणत घड्याळजी सरकले.