रिकामी आहे म्हणतात, ती मी

जरा लांबच बसा, मित्रांनो. मी एक जुनी बंदूक आहे. आखूड नळीची, कमरेला अडकवायची. पोटातल्या चक्रीत सहा गोळ्यांची घरे. आता पोलीस ठाण्याच्या कपाटात असते, पण स्वभाव काही बदललेला नाही. दार वाजले तरी माझ्या जिवाची घालमेल होते.

कारखान्यात मला घासूनपुसून पेटीत ठेवले, तेव्हा मी कोण खूश होते! एका घड्याळजीने मला विकत घेतले. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला गिऱ्हाइकांची सोन्याची घड्याळे घेऊन गावाबाहेरच्या घरी जावे लागे. त्या काळी बंदुकांचा कायदा नव्हताच. ज्याला वाटेल तो भरलेली बंदूक घेऊन बाजारात फिरे. लोक माझ्या मुठीचे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

मग एकदा बाजारात हातगाडी कुठे लावायची यावरून दोन फेरीवाल्यांचे भांडण पेटले. भांडले ते दोघे, गोळी सुटली आणि मेली तिसरीच, पाव घ्यायला आलेली एक बाई. त्यानंतर कायदा आला. रस्त्यात, बाजारात भरलेली बंदूक बाळगायची नाही. घड्याळजी कुरकुरला, "मग काय, कागद उडू नयेत म्हणून ठेवायची?" पण गोळ्या त्याने काढल्या. खरे सांगते, ती वर्षे मी निवांत झोपले.

पण माणसांना नियमातून वाट काढल्याशिवाय चैन पडत नाही. कुणी बंदूक कमरेला आणि गोळ्या खिशात ठेवू लागले. भरलेली म्हणजे नेमकी कशी, यावर वकिलांनी कोर्टात कीस पाडला. मग सवलती निघाल्या. मौल्यवान माल नेणाऱ्यांनी परवाना काढून गावाबाहेरच्या रस्त्यावर बंदूक भरावी, बाजारात शिरताना रिकामी करावी. झाले! रोज भरा, रोज काढा. माझे डोके फिरायची वेळ आली.

एका सकाळी बाजाराच्या तोंडाशी घड्याळजी गोळ्या काढत असताना एका गिऱ्हाइकाने त्याला हाक मारली. बोलता बोलता पाच निघाल्या, सहावी आतच राहिली. मला कळत होते. पण मला तोंड असले तरी ते बोलायचे नाही.

दुपारी दुकानात धाकट्याने त्याला चिडवले, "दादा, तुझी बंदूक म्हणजे गिऱ्हाइकांची घड्याळं. कायम बंद."

दादा हसला. त्याने मला उचलून धाकट्याच्या छातीवर रोखले. "हात वर कर."

धाकट्याने हसत दोन्ही हात वर केले. एका हातात बारीक चिमटा तसाच होता. दादाचे बोट चापावर टेकले.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन त्यांची थोरली बहीण आली आणि दारातच थांबली.

"खाली कर ती."

"अगं ताई, रिकामी आहे."

"मग उघडून दाखव."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे. हिच्यावर नाही."

त्याने तोंड वाकडे करून चक्री उघडली. गोळी टेबलावरच्या घड्याळाच्या सुट्या भागांत पडली. धाकट्याचे हात अजून वरच होते. शेवटी ताईने जाऊन ते खाली घेतले.

त्याच दिवशी घड्याळजीने मला ठाण्यात जमा केले आणि परवानाही परत दिला.

आता शेजारच्या सभागृहात त्या कायद्यावर पुन्हा वाद चालू आहे. कुणाला तो सैल हवा, कुणाला कडक. मी कपाटातून ऐकते आणि आतल्या आत तळमळते. मोठी माणसे ठरवतील काय ते. तुम्ही एवढेच करा, मित्रांनो. माझ्यासारखी कुठे दिसली तर हात लावू नका, घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा. आणि 'रिकामी आहे' असे कुणी कितीही प्रेमाने सांगितले, तरी मागे सरका. दादाचे धाकट्यावर फार प्रेम होते.