उशिराची प्रार्थना

डिसेंबरच्या सकाळी देवपूरच्या आमच्या कबरस्थानात पूर्वेच्या भिंतीवरून ऊन उतरतं, तेव्हा सुमनअक्का डोळे घट्ट मिटून घेते. कबरींतले सगळे त्या उन्हाच्या दिशेने निजलेले असतात. आमच्या ख्रिस्ती लोकांत पाय पूर्वेला करूनच पुरतात. तारणारा येईल तेव्हा उठणाऱ्याला तो समोर दिसावा म्हणून. अक्काचं तिथे कुणीही नाही.

नवरा लवकर गेला. साक्रीकडच्या तिच्या गावात बाप्तिस्मा घेतलेली दोघंच, ती आणि तिचा मुलगा योहान. भर वैशाखात ती लेकीच्या बाळंतपणाला असोद्याला गेली होती, तेव्हा योहान विहिरीत पडून गेला. उन्हापायी तिच्यासाठी थांबता येईना. दिरांनी रडत रडत, आपल्या रीतीने त्याला अग्नी दिला आणि राख पांझरा नदीत सोडली. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, हे अक्काही म्हणते. रागवायलासुद्धा तिला कुणी उरलं नाही.

आता ती आमच्या शेजारी राहते. बोंडं वेचून झालेल्या पऱ्हाटीसारखी, वाऱ्याने खडखडणारी, पण मुळाशी घट्ट. बोलताना तिचा अंगठा बोटांवरून फिरत राहतो, चिमटीत काही बारीक धरून चाचपावं तसा.

"बठ्ठा उठतीन, ताई. मना पोऱ्या कथाईन उठी?" सगळे उठतील, पण तिचा मुलगा कुठून उठेल, हाच तिचा घोर.

मी सरळ म्हटलं, "ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला राख जड आहे का, अक्का?"

"तुमनं बरं शे," ती फणकारली. "तुमना बठ्ठा मातीमा पुरेल शेतस."

पाळकांनीही तिला माझ्यासारखंच समजावलं. तिने मान हलवली. पटलं मात्र काहीच नाही.

नाताळ जवळ आला आहे. घरोघरी कागदी चांदण्या उजळल्या आहेत, आणि उपासना संपताना सारी मंडळी एका सुरात म्हणते, प्रभू, लवकर ये. तिथे अक्काचा आवाज सुरातून गळतो. काल मी कान देऊन ऐकलं. ती पुटपुटत होती, "जराखा थांब, बापा. आते नको येऊ. मना पोऱ्या सापडू दे."

ज्याच्या येण्यात जगाचं तारण आहे, त्यालाच ही बाई हात जोडून थोपवते आहे. कारण तिचं तारण एका मुलाएवढंच आहे, आणि तो मुलगा कुठल्याच मातीत नाही. काळ माणसांना मागे टाकून पुढे जातो, असं मी समजत होते. अक्काशेजारी गुडघे टेकले की वाटतं, नसलेलं माणूस काळालाच उंबऱ्याबाहेर उभं करून ठेवतं.